मुलांना घेऊन लांबच्या समुद्रसफरीला जायचंय? मग शिडाची बोट निवडायची कशी आणि तयार करायची कशी

आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, तेव्हा ९ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघालो, बिस्केचा उपसागर ओलांडला, स्पेन पोर्तुगालच्या कडेकडेने कॅनरी बेटांवर गेलो आणि तिथून अटलांटिक पार करून कॅरिबियनमध्ये पोचलो, ते पण ३७ फुटी जुन्या सेकंडहँड बोटीतून. तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक विचारत असतात की बोट केवढी घेऊ, काय बघू, काय काय बदलून घेऊ. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. हे अगदी नवीन लोकांसाठी आहे, त्यामुळे ज्यांना येतं त्यांनी पुढे सरका.

सगळ्यात आधी एक कसोटी ठरवून घ्या

डोळ्यासमोर आणा. रात्रीचे अडीच वाजलेत, पाऊस लागलाय, वारा १८ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ३० वर गेलाय, एक मूल उलट्या करतंय आणि दोघांपैकी एकजण त्याला धरून आत बसलाय. आता बाहेर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत, जो एकटा उरलाय त्याला शीड कमी करता येतंय का? नांगर उचलता येतोय का? बोट कितीही देखणी असली तरी या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर ती तुमच्या कुटुंबाची बोट नाही. चार लोकांचं कुटुंब म्हणजे चार खलाशी नव्हेत, खरं तर आळीपाळीने एकेकटे बोट चालवणारे दोन लोक आणि दोन प्रवासी. माझं वजन ५२ किलो, म्हणून आम्ही प्रत्येक वस्तू "हे मला एकटीला झेपेल का" असं विचारून घेतली आणि त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

दोघांनीही शिका

खूप घरांमध्ये नवरा कोर्स करतो आणि बायको "सोबत" जाते. असं अजिबात करू नका. नवऱ्याचा पाय मोडला, ताप चढला तर बोट बंदरात कोण नेणार? इंग्लंडमध्ये आरवायए या नौकानयन संस्थेचे कोर्स असतात, निदान डे स्किपर नावाचा दोघांनी करा, एकाने त्याच्या पुढचं करा, आणि व्हीएचएफ रेडिओचं सर्टिफिकेट तर दोघांकडेही पाहिजेच. भारतात असाल तर मुंबईत गेटवेसमोर, गोव्यात शिडाच्या बोटी शिकायची सोय आहे, पावसाळा संपला की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शिकण्यासारखी सुंदर हवा असते, सकाळी मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा, रोज वेगवेगळ्या दिशेचा सराव मिळतो. आणि बोट विकत घ्यायच्या आधी एक आठवडा भाड्याची बोट घेऊन मुलांसकट राहून बघा. एका आठवड्यात जे कळतं ते वर्षभर व्हिडिओ बघून कळत नाही.

बोटीच्या आधी रस्ता आणि ऋतू ठरवा

हे उलटं वाटेल पण रस्ता ठरल्याशिवाय बोट ठरत नाही. आमच्या रस्त्याचं कॅलेंडर साधारण असं: बिस्के जुलै किंवा ऑगस्टमध्ये ओलांडायचा, सप्टेंबर उलटला की तिथे एकामागून एक वादळं यायला लागतात. उन्हाळ्यात पोर्तुगालच्या किनाऱ्याला उत्तरेचा वारा असतो, तो पाठीवर घेऊन खाली यायचं. अटलांटिकमधला हरिकेनचा सीझन जून ते नोव्हेंबर, म्हणून कॅनरीहून नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबर-जानेवारीत निघायचं. कॅनरीतल्या लास पालमासहून कॅरिबियनमधलं सेंट लुसिया साधारण २७०० सागरी मैल. ३६-३८ फुटी भरलेली बोट दिवसाला ११० ते १४० मैल जाते, म्हणजे २० ते २५ दिवस कुठेही जमीन नाही, दुकान नाही, डॉक्टर नाही. पुढचा सगळा हिशोब या २५ दिवसांवरून करायचा.

आता भारतीय पासपोर्टवाल्यांनी नीट वाचा, कारण गोऱ्या लोकांच्या पुस्तकांत हे नसतं. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसावर, १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं, आणि कॅनरी, मडेरा ही बेटंसुद्धा त्यातच मोजली जातात. जुलैच्या मध्यात स्पेनला पोचलात आणि नोव्हेंबरअखेर कॅनरीहून निघालात तर हिशोब चार महिन्यांच्या वर जातो! त्यामुळे एकतर मधले काही आठवडे शेंगेनबाहेर मोरोक्कोत काढायचे, नाहीतर कॅनरीला उशिरा पोचून पुढे केप व्हर्दे बेटांवर थांबायचं, नाहीतर एखाद्या देशाचा लांब मुदतीचा व्हिसा आधीच काढायचा. अजून एक, कॅरिबियनमधली मार्टिनिक आणि ग्वादलूप ही बेटं फ्रान्सची असली तरी साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, व्हिसावर तसं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. बाकी प्रत्येक बेटाचा नियम वेगळा. हे काम बोट शोधायला लागल्यापासूनच सुरू करा.

साइज

चौघांसाठी ३४ ते ४० फूट. लोक ४५-५० फुटांवर जातात कारण मुलांना जागा पाहिजे असं वाटतं, पण बोट लांब झाली की शीड मोठं, दोर जाड, ते ओढायचे विंच मोठे, नांगर जड, मरीनाचं, म्हणजे बोटी लावायच्या बंदराचं, भाडं मीटरवर असल्यामुळे तेही जास्त, आणि खराब हवेत एकट्याला ते शीड आवरत नाही. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या बोटीतून कुठेही न थांबता एकटे जगाला वळसा घालून आले ती सुहैली फक्त ३२ फुटी होती आणि ती बांधलेली होती आपल्या मुंबईत, सागवानाची. ३१२ दिवस टिकली ती. मला मुलांना हे सांगताना दरवेळी उर भरून येतो. म्हणजे तुम्हीही ३२ फुटात जा असं नाही, पण लांबी म्हणजे सुरक्षितता हा समज काढून टाका.

कॅटमरानबद्दल, म्हणजे दोन सांगाड्यांच्या जोडबोटीबद्दल, सगळे विचारतात. जागा भरपूर, फारशी कलत नाही, मुलं खूश. पण महाग, मरीनात बऱ्याच ठिकाणी जास्त भाडं, आणि सामान भरलं की चाल एकदम मंदावते, आणि लांबच्या सफरीवर कुटुंब सामान भरतंच. बजेट मोठं असेल तर जरूर बघा. आमचं नव्हतं.

बजेटचा आमचा नियम, हातात जेवढे पैसे आहेत त्यातले निदान एक तृतीयांश बोट घेतल्यानंतरच्या तयारीसाठी वेगळे काढून ठेवायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. सगळे पैसे बोटीत घालून मग डोलकाठीच्या २० वर्षं जुन्या तारांवर अटलांटिकला निघालेली माणसं मी बघितली आहेत.

बोट बघायला गेल्यावर

जुने कपडे, चांगली बॅटरी, छोटा आरसा आणि प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी घेऊन जा. बोट तपासणारा सर्व्हेयर नंतर येईलच पण दर बोटीला सर्व्हेयर परवडत नाही, म्हणून ज्या सरळ नापास आहेत त्या आपणच गाळायच्या.

डेकवर चालत जा, पायाखाली कुठे मऊ लागतं का बघा. बऱ्याच फायबरच्या बोटींचं डेक म्हणजे दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड असतं, रेलिंगच्या खांबांच्या स्क्रूमधून पाणी आत गेलं की ते लाकूड कुजतं. हातोडीने हलकं ठोका, चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो आणि कुजलेल्या जागी बद्द. माठ घेताना वाजवून बघतो ना, तसंच. खाली कीलचे, म्हणजे तळाला लावलेल्या जड पात्याचे, बोल्ट जिथे दिसतात तिथे गंजाचे ओघळ आहेत का, कील आणि बोट यांच्या सांध्याला भेग आहे का ते बघा. सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवा, खडखड झाली तर बेअरिंग गेलंय.

मग सगळ्यात महत्त्वाचं, बोटीच्या तळाला पाण्याखाली जी भोकं असतात, टॉयलेटचं, सिंकचं, इंजिनच्या थंड पाण्याचं, त्या प्रत्येकावर एक वाल्व असतो. तो साध्या पितळेचा असेल तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि राहतं ते ठिसूळ तांबं. चाकूने थोडं खरवडा, आतून पिवळं दिसलं तर ठीक, गुलाबी दिसलं तर तो वाल्व एक दिवस हातात येणार. आमच्या बोटीतले ७ पैकी ३ गुलाबी निघाले. सगळेच काढून ब्राँझचे बसवले आणि प्रत्येकाला दोरीने एक लाकडी बूच बांधून ठेवलं, म्हणजे वाल्व तुटला तर बूच शोधत बसायला नको, तिथल्या तिथे भोकात ठोकायचं.

हे सगळं पटलं तर ऑफर द्या, पण "सर्व्हे आणि ट्रायल समाधानकारक झाल्यास" या अटीवरच. सर्व्हेयर तुमचा तुम्ही शोधा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढून बघायची, आणि सर्व्हेच्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे हजर राहायचं. रिपोर्टमध्ये जे लिहिलेलं नसतं ते तो माणूस बोलता बोलता सांगून जातो.

डोलकाठी, तारा, शिडं

डोलकाठी ज्या स्टीलच्या तारांवर उभी असते त्या १० ते १५ वर्षांनी बदलायच्या असतात, इन्शुरन्सवालेही तेच विचारतात. तारा कधी बदलल्या याचं बिल विकणाऱ्याकडे नसेल तर बदललेल्या नाहीत असं धरा आणि किमतीतून तेवढे कापा. तारा चकचकीत दिसतात म्हणून फसू नका, स्टेनलेस स्टील बाहेरून छान आणि आतून तडकलेलं असू शकतं, विशेषतः तार जिथे टोकाच्या सॉकेटमध्ये शिरते तिथे आणि तारा अडकवायला बोटीला ज्या पट्ट्या लावलेल्या असतात त्या डेकमधून खाली जातात तिथे. त्या पट्ट्या काढून बघितल्याशिवाय काही कळत नाही. आम्ही काढल्या, एकीला केसाएवढी चीर होती.

मुख्य शिडाला तिसरा रीफ असायलाच हवा, म्हणजे शीड तीन टप्प्यांत लहान करता येतं. बऱ्याच बोटींना दोनच असतात, शिडं शिवणाऱ्याकडून तिसरा घालून घ्या. पुढचं शीड गुंडाळता येणारं, आणि त्याच्या मागे वादळासाठी छोटं जाड शीड लावायची वेगळी तार. व्यापारी वाऱ्यांत दिवसचे दिवस वारा पाठीमागून असतो, तेव्हा बूम, म्हणजे मुख्य शिडाच्या खालची आडवी दांडी, अचानक एका बाजूकडून दुसरीकडे झपकन फिरण्याचा धोका असतो, कोणाच्या डोक्याला लागली तर जीव जाऊ शकतो. म्हणून बूम पुढे बांधून ठेवायचा दोर कायमचा लावून टाका, असा की तो कॉकपिटमधूनच ओढता आणि सोडता येईल. मुलं असताना यावर तडजोड नाही.

बोट स्वतः चालली पाहिजे

दोन माणसं २५ दिवस हाताने सुकाणू धरू शकत नाहीत. इलेक्ट्रिक ऑटोपायलट चांगला, पण तो वीज खातो आणि बिघडला की समुद्राच्या मध्यात दुरुस्त होत नाही. वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू मागे बसवा, त्याला वीज लागत नाही आणि वारा जितका जास्त तितकं ते जास्त जोरात काम करतं. आमच्या तयारीतली सगळ्यात महाग वस्तू हीच आणि सगळ्यात उपयोगाचीही. ज्यांचं स्वतंत्र छोटं सुकाणू असतं ती घेतलीत तर बोटीचं मूळ सुकाणू मोडल्यावरही काम भागतं. २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ओर्का, म्हणजे किलर व्हेल, बोटींची सुकाणू मोडतायत, काही बोटी बुडाल्यासुद्धा, त्यामुळे हा मुद्दा आता नुसता कागदावरचा राहिलेला नाही. त्या पट्ट्यात शक्य तेवढं किनाऱ्याजवळून, २० मीटरपेक्षा कमी खोलीतून जायचं.

इंजिन आणि डिझेल

इंजिनचे तास किती झाले यापेक्षा त्याची देखभाल कशी झाली ते बघा. इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. एक गोष्ट मात्र कोणीच सांगत नाही, टाकी आतून साफ करून घ्या. आमची टाकी बरी दिसत होती म्हणून आम्ही सोडून दिली. पहिल्या उन्हाळ्यात एका बंदराच्या तोंडाशी लाटांमध्ये बोट जोरात हलली, तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ ढवळला, फिल्टर चोंदला आणि इंजिन बंद, दोन्ही बाजूंना खडक. नवऱ्याने नांगर टाकला, मी फिल्टर बदलला, मुलं आत गप्प बसून होती, त्या गप्प बसण्याचीच मला जास्त भीती वाटली. पुढच्याच आठवड्यात टाकी रिकामी करून घासून काढली. फिल्टर डझनभर ठेवा, पाण्याच्या पंपात फिरणारे रबरी पंखे, म्हणजे इम्पेलर, ४-५, बेल्ट २, आणि ते बदलायची प्रॅक्टिस बंदरात असतानाच डोळे मिटून करा.

३०-४० हॉर्सपॉवरचं इंजिन सावकाश चालवलं तर तासाला २ ते ३ लिटर पितं. २०० लिटरच्या टाकीत जेमतेम ३५०-४०० मैल. म्हणजे इंजिनवर महासागर ओलांडता येत नाही, ते बंदरासाठी आणि वीज भरण्यासाठी.

वीज, पाणी

वीज थोडक्यात: फ्रिज, दिवे, एआयएस (आसपासची जहाजं रेडिओवरून दाखवणारं यंत्र), नॅव्हिगेशन धरून आम्हाला दिवसाला साधारण १०० अँपिअर-तास लागायचे. ४०० वॉटचे सोलर पॅनल उष्ण प्रदेशात साधारण तेवढे देतात. दिवसभर इलेक्ट्रिक ऑटोपायलट चालवणार असाल तर जवळजवळ दुप्पट धरा.

पाणी, माणशी ४ लिटर रोज, चौघांचे १६, २५ दिवसांचे ४०० लिटर. टाक्या निदान दोन वेगळ्या हव्यात, एक खराब झाली किंवा गळली तर दुसरी आहे, आणि शिवाय ५०-६० लिटर कॅनमध्ये. खाऱ्याचं गोडं करणारं मशीन असलं तरी ते नाहीच असं समजून पाणी भरा. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची आणि शेवटी एक वाटी गोड्या पाण्याने पुसायची, मुलं याला आठवड्यात सरावतात.

नांगर

कुटुंब नांगरावर झोपतं, म्हणून नांगर तुमच्या बोटीच्या साइजला कंपनी सांगते त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा घ्या. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, ६० मीटर म्हणजे १३५ किलो पुढच्या टोकाला, ३७ फुटी बोटीला हे जड होतं, आम्ही ८ मिलिमीटरची चांगल्या दर्जाची ६० मीटर घेतली. खोलीच्या पाचपट साखळी सोडायची, वारा वाढणार असेल तर सात-आठपट. आणि साखळी ओढायचं इलेक्ट्रिक मशीन पाहिजेच, बंद पडलं तर हाताने चालेल असं. इथे परत अडीच वाजताची कसोटी लावा.

मुलांसाठी बोट आतून बाहेरून बदला

रेलिंगला सगळीकडून जाळी. डेकवर पुढून मागेपर्यंत जाड पट्टा, त्याला अंगावर बांधलेल्या हार्नेसचा हूक अडकवूनच पुढे जायचं, मोठ्यांनीसुद्धा, कारण मुलं आपण काय करतो ते बघतात. लाइफजॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असायलाच हवा, नाहीतर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. आमचा नियम एकच होता, केबिनच्या दारातून बाहेर पाऊल टाकायच्या आधी हूक लागला पाहिजे. रात्री एकट्या मोठ्या माणसाने दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिट सोडायचं नाही.

झोपायला प्रत्येकाला स्वतःची जागा, कडेला कापडाची उंच झोळी बांधलेली, म्हणजे बोट कलली तरी पोर खाली पडत नाही. मुलांच्या जागेला त्यांचा दिवा, त्यांचा पंखा, त्यांचा कप्पा. तेवढी दोन फुटांची जागा फक्त त्यांची असली की बाकी सगळं ती सहन करतात. पहिले दोन-तीन दिवस बोट लागते, जवळजवळ सगळ्यांनाच, त्या दिवसांचा स्वयंपाक आधीच करून ठेवा. औषधांची पेटी मुलांच्या डॉक्टरशी बसून भरा आणि प्रत्येक औषधाचा डोस मुलाच्या वजनाप्रमाणे डबीवरच लिहा.

सुरक्षेच्या सामानात लाइफराफ्ट, म्हणजे फुगणारा तराफा, चौघांसाठी आणि सर्व्हिसिंग झालेला, ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला सिग्नल पाठवणारं यंत्र, बोटीच्या नावावर रजिस्टर केलेला, आणि एआयएस असा की जो आपल्यालाही मोठ्या जहाजांना दाखवतो. यात सेकंडहँड घेऊ नका.

स्वयंपाकघर

आपल्या लोकांचा इथे फायदा आहे! प्रेशर कुकरइतकं बोटीसाठी योग्य भांडं दुसरं नाही, झाकण घट्ट बसतं, बोट कलली तरी उकळतं वरण अंगावर सांडत नाही, आणि गॅस निम्मा लागतो. शेगडी झुलती हवी, आणि स्वयंपाक करणाऱ्याला कंबरेला पट्टा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कोकम, भाजलेला रवा, पोहे, डाळ-तांदूळ हे २५ दिवस काही न होता टिकतं. मऊ भात, मेतकूट, तूप हे बोट लागलेल्या पोरांच्या पोटात राहतं, बिस्किटं राहात नाहीत. कांदे-बटाटे जाळीत टांगा, अंडी न धुतलेली आणि फ्रिजमध्ये न ठेवलेली आणा.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळात साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. सिलेंडर बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात, ज्याचं भोक थेट समुद्रात उघडतं. गॅसचा अलार्म तळाशी लावा. आणि स्वयंपाक झाला की सिलेंडरवरूनच बंद.

निघण्याआधीचं वर्ष

बोट घेतल्यावर निदान एक पूर्ण सीझन जवळपास फिरा. आधी दिवसाची सफर, मग एक रात्र, मग दोन रात्री सलग. मुद्दाम २५ नॉटच्या वाऱ्यात बाहेर जा, तिसरा रीफ घ्या, वादळाचं शीड लावून बघा, आणि दोघांनी आळीपाळीने एकेकट्याने. एक शनिवार-रविवार बंदरातच राहून सगळे वाल्व, पाइप, वायर कुठून कुठे जातात त्याचं चित्र काढा.

सामान भरताना वही करा. आमच्या बोटीत ४१ कप्पे निघाले, मुलीने प्रत्येकाला नंबर दिला आणि कशात काय आहे ते तिच्या अक्षरात लिहिलं, "१७, इम्पेलर, बेल्ट, आणि बाबांची चॉकलेटं". मधल्या अटलांटिकमध्ये बाराव्या रात्री इंजिनचं पाणी थांबलं तेव्हा मी वही उघडली, १७ नंबरचा कप्पा उघडला आणि बॅटरी तोंडात धरून दहा मिनिटांत इम्पेलर बदलला. मुलं झोपलेली होती, त्यांना सकाळी सांगितलं.